भास थांबले, पण करमतं का? छिन्नमनस्कतेच्या रुग्णाचे स्वास्थ्य मोजताना

आवाज ऐकू येतात का? झोप लागते का? गोळ्या वेळेवर चालू आहेत का? छिन्नमनस्कतेच्या, म्हणजेच स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाला बाह्यरुग्ण विभागात बहुधा हे तीन प्रश्न विचारले जातात. तिन्हींची उत्तरे समाधानकारक आली की केसपेपरवर 'सुधारणा आहे' असा शेरा पडतो आणि पुढच्या महिन्याची औषधे लिहून दिली जातात. बाहेरची रांग आणि मानसोपचारतज्ज्ञांची तुटपुंजी संख्या पाहता याबद्दल कोणा एका डॉक्टरला दोष देता येणार नाही. मात्र या तीन प्रश्नांत एक प्रश्न राहून जातो. आवाज थांबलेला हा माणूस आता कसा जगतो आहे? त्याला बरे वाटते का? मराठवाड्याच्या साध्या बोलीत विचारायचे तर, त्याला करमते का?

प्रश्न भाबडा वाटला तरी वैद्यकशास्त्राने गेली काही दशके त्यावर गांभीर्याने काम केले आहे. लक्षणे कमी होणे आणि स्वास्थ्य लाभणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगवेगळ्या मोजाव्या लागतात, हा त्या कामाचा निष्कर्ष आहे. बीडसारख्या दुष्काळी, स्थलांतरित मजुरांच्या जिल्ह्यात तर हा फरक न ओळखण्याची किंमत रुग्णाला आणि त्याच्या कुटुंबाला मोजावी लागते.

आजार आणि त्याचा आवाका

छिन्नमनस्कता म्हणजे दुभंगलेले व्यक्तिमत्त्व, असा एक जुना गैरसमज आहे. प्रत्यक्षात या आजारात विचार, भावना आणि वास्तवाचे भान यांचा मेळ सुटतो. कोणी नसताना आवाज ऐकू येणे, आपल्याविरुद्ध कट चालला आहे अशी ठाम समजूत होणे, ही त्याची ठळक लक्षणे. पण आजाराची दुसरी बाजू मूक असते. उत्साह आटतो, बोलणे कमी होते, चेहऱ्यावरचे भाव पुसट होतात, माणूस एका कोपऱ्यात बसून राहतो. अतुल कुलकर्णी यांनी रंगवलेल्या 'देवराई' (२००४) या चित्रपटातील शेषमुळे हा आजार अनेक मराठी घरांत प्रथमच उघडपणे बोलला गेला.

बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार प्रौढांपैकी ०.४२ टक्के लोकांना त्या वेळी छिन्नमनस्कता वा तत्सम तीव्र मनोविकार होता. आयुष्यात कधी ना कधी तो झालेल्यांचे प्रमाण १.४१ टक्के होते. बारा राज्यांत झालेल्या या पाहणीत महाराष्ट्राचा समावेश नव्हता. तरीही तेच प्रमाण ढोबळपणे लावले, तर २०११ च्या जनगणनेत २५ लाख ८५ हजार लोकसंख्या असलेल्या बीड जिल्ह्यात असे सुमारे सात हजार प्रौढ असावेत. ही प्रत्यक्ष मोजणी नव्हे, आवाका कळण्यापुरता हिशेब आहे.

या रुग्णांसाठी राज्यातील जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालये पुण्यात येरवडा येथे, तसेच ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीत आहेत. मराठवाड्यात त्यांपैकी एकही नाही. बीड जिल्ह्यापुरता मोठा आधार म्हणजे अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय. पण अंबाजोगाई जिल्ह्याच्या पूर्व भागात आणि आष्टी पश्चिम टोकाला. आष्टीच्या रुग्णाला तेथे नेऊन आणायचे, तर बरोबरच्या माणसाची किमान एका दिवसाची मजुरी बुडते. एवढा खर्च करून मिळणाऱ्या भेटीत नेमके काय विचारले जाते, याला म्हणूनच महत्त्व येते.

तीन मापे, तीन उत्तरे

छिन्नमनस्कतेच्या रुग्णाची स्थिती मोजण्याची साधने ढोबळमानाने तीन प्रकारची आहेत. पहिला प्रकार लक्षणे मोजतो. यातील सर्वांत प्रचलित मोजपट्टी 'पॅन्स' या संक्षिप्त नावाने ओळखली जाते. ती १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत तीस लक्षणे असून प्रत्येकाला १ ते ७ गुण दिले जातात. त्यामुळे एकही लक्षण नसलेल्या माणसाचे ३० गुण होतात आणि कमाल मर्यादा २१० ची असते. गुण देण्याचे काम प्रशिक्षित तज्ज्ञ रुग्णाशी सविस्तर बोलून आणि नातेवाइकांकडून माहिती घेऊन करतो. २००५ मध्ये नॅन्सी अँड्रियासेन आणि सहकाऱ्यांनी आजाराला 'उतार' केव्हा म्हणावा याचा निकष सुचवला. आठ मुख्य लक्षणे सौम्य पातळीवर वा त्याखाली आली आणि सहा महिने तशीच राहिली, तर उतार पडला असे समजावे, असा तो निकष. तो उपयुक्त आहे, पण रुग्ण कामाला जातो की नाही, त्याला मित्र आहेत की नाहीत, याची दखल त्यात नाही.

दुसरा प्रकार अक्षमता मोजतो. यासाठी भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 'आयडियाज' ही मोजपट्टी तयार केली आणि केंद्र सरकारने २००२ मध्ये तिला मान्यता दिली. स्वतःची निगा, इतरांशी संबंध, संवाद व आकलन आणि काम अशी चार अंगे तीत आहेत. प्रत्येकाला ० ते ४ गुण आणि आजार किती वर्षांचा आहे याचे वेगळे गुण, असे मिळून एकूण वीस. सात वा अधिक गुण आले की अक्षमता ४० टक्क्यांच्या वर धरली जाते आणि दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर मिळणाऱ्या बहुतेक सवलतींचे दार उघडते. गृहिणीचे घरकाम हेही 'काम' म्हणून तपासण्याची सोय या मोजपट्टीत आहे. ग्रामीण स्त्रियांच्या दृष्टीने ही बाब मोलाची.

तिसऱ्या प्रकारात रुग्णाला स्वतःला काय वाटते ते विचारले जाते. जागतिक आरोग्य संघटनेची जीवनमान-प्रश्नावली यातील प्रमुख. तिच्या संक्षिप्त आवृत्तीत २६ प्रश्न असून ते शरीर, मन, सामाजिक संबंध आणि परिसर अशा चार अंगांत विभागले आहेत. १९९०च्या दशकात ती घडवणाऱ्या केंद्रांत दिल्ली आणि चेन्नई यांचाही समावेश होता. त्याहून सुटसुटीत आहे ती १९९८ पासून वापरात असलेली पाच प्रश्नांची निर्देशिका. गेल्या दोन आठवड्यांत मन प्रसन्न होते का, शांत वाटले का, अंगात उत्साह होता का, झोपून उठल्यावर ताजेतवाने वाटले का आणि रोजच्या जगण्यात मन गुंतेल असे काही होते का, एवढेच ती विचारते. प्रत्येक उत्तराला ० ते ५ गुण. बेरजेला चारने गुणले की शंभरपैकी आकडा मिळतो.

हॅम्बुर्गचे मानसोपचारतज्ज्ञ डीटर नाबर यांनी १९९५ मध्ये याच दिशेने आणखी एक पाऊल टाकले. मनोविकारावरील औषधे घेत असताना रुग्णाला आतून कसे वाटते, हे मोजण्यासाठी त्यांनी ३८ विधानांची प्रश्नावली केली; पुढे तिची २० विधानांची छोटी आवृत्ती आली. विचारांची स्पष्टता, स्वतःवरील ताबा, भावनांचा समतोल, शरीराची स्थिती आणि लोकांत मिसळणे अशी तिची पाच अंगे आहेत. डॉक्टरला जो रुग्ण 'शांत' दिसतो, तो स्वतःला 'बधिर' झालेला अनुभवत असू शकतो, हे यामागील निरीक्षण. ज्याला औषधाने आतून बरे वाटत नाही तो ते सोडून देण्याचा संभव अधिक, आणि औषध सुटले की आजार उलटण्याचा धोका वाढतो. स्वास्थ्याची विचारपूस हा उपचाराचाच भाग आहे तो असा.

या तीन मापांची उत्तरे एकमेकांशी जुळतीलच असे नाही. भास पूर्ण थांबलेला रुग्ण स्वतःच्या जगण्याबद्दल अत्यंत असमाधानी असू शकतो, तर अधूनमधून आवाज ऐकू येत असूनही शेळ्या राखणारा, घरात मान असलेला रुग्ण बऱ्यापैकी समाधानी असू शकतो. अनेक अभ्यासांत असेच आढळले आहे. भास-भ्रमांपेक्षा खिन्नता, चिंता आणि निरुत्साह यांचा रुग्णाच्या जीवनमानाशी अधिक जवळचा संबंध दिसतो.

रुग्णाचा शब्द कितपत खरा?

यावर एक स्वाभाविक आक्षेप घेतला जातो. ज्याचे वास्तवाचे भानच सुटले आहे, त्याने स्वतःबद्दल सांगितलेले प्रमाण कसे मानावे? आजार भरात असताना हा आक्षेप रास्त आहे. पण लक्षणे स्थिर झालेले बहुसंख्य रुग्ण स्वतःच्या समाधानाबद्दल सुसंगत उत्तरे देऊ शकतात, असा संशोधकांचा अनुभव आहे. मात्र ती उत्तरे वाचताना दोन पथ्ये पाळावी लागतात. ज्याला आपल्या आजाराची जाणच नाही, तो 'माझे उत्तम चालले आहे' असे सांगू शकतो. उलट ज्याला ती जाण नव्याने आली आहे, त्याला गमावलेली वर्षे, मोडलेले लग्न, सुटलेली नोकरी दिसू लागते आणि त्याचे गुण घसरतात. म्हणजे गुण घसरले याचा अर्थ प्रत्येक वेळी प्रकृती बिघडली असा होत नाही. पण त्या घसरणीकडे दुर्लक्ष करणेही धोक्याचे, कारण या आजारात आत्महत्येचा धोका सर्वसामान्यांपेक्षा बराच अधिक असतो.

नातेवाइकांचे म्हणणे हा दुसरा आधार. तेही निखळ नसते. सांभाळणाऱ्याचा थकवा त्यात मिसळलेला असतो. चेन्नईच्या 'स्कार्फ' या संस्थेने कुटुंबावरील भार मोजण्यासाठी चाळीस प्रश्नांची स्वतंत्र मोजपट्टी केली, ती यामुळेच. आईला मुलगा 'त्रास देत नाही' म्हणून बरा वाटतो. मुलाला मात्र आपल्याशी कोणी बोलत नाही असे वाटत असते. दोघेही खरे बोलत असतात. म्हणून दोघांना विचारायचे आणि शक्यतो वेगवेगळे विचारायचे.

यात एक व्यावहारिक पेचही आहे. प्रमाणपत्रासाठी रुग्णाला काय जमत नाही ते मोजले जाते. स्वास्थ्यासाठी त्याला काय जमते, कशात समाधान वाटते ते विचारले जाते. ज्या घराला अनुदानाची निकड आहे, त्याला एका टेबलावर 'याच्याने काहीच होत नाही' असे सांगावे लागते आणि दुसऱ्या टेबलावर 'पूर्वीपेक्षा बरे आहे' असे. मुलगा थोडे काम करू लागला तर सवलत जाईल, ही भीती सुधारणेच्याच आड येते. दोन्ही मोजण्यांचे हेतू भिन्न आहेत आणि एकीचे उत्तर दुसरीसाठी वापरले जाणार नाही, हा विश्वास कुटुंबाला मिळाल्याशिवाय खरे उत्तर मिळणे कठीण.

फडातले प्रश्न

परक्या मातीत तयार झालेली प्रश्नावली बीडमध्ये आणली की काय होते, हे पाहण्याजोगे आहे. जिल्ह्यातील लाखोंच्या संख्येतील ऊसतोड मजूर दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. येथे मजुरीचा हिशेब माणसांवर नव्हे, 'कोयत्या'वर होतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेली उचल दोघांनी मिळून फेडायची असते आणि न भरलेल्या दिवसाचा खाडा धरला जातो. या व्यवस्थेत पती वा पत्नीपैकी एकाला छिन्नमनस्कता झाली, तर आजार घरात येतो तसा तो कर्जातही येतो.

अशा घरातल्या रुग्णाला जीवनमान-प्रश्नावलीतले प्रश्न विचारून पाहावेत. गरजा भागवण्यापुरता पैसा आहे का? राहत्या जागेबद्दल समाधानी आहात का? आरोग्यसेवा हाताशी आहे का? प्रवासाची सोय कशी आहे? पाचटाच्या कोपीत राहणारा धडधाकट मजूरही या प्रश्नांना कमीच गुण देईल. म्हणजे 'परिसर' या अंगातील घसरलेला आकडा आजाराचा नसून दुष्काळाचा आणि दारिद्र्याचा असू शकतो. रुग्णाचे गुण पुण्या-मुंबईच्या वा परदेशातील सरासरीशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. त्याच वस्तीतील निरोगी माणसाशी आणि त्याच रुग्णाच्या मागील गुणांशी तुलना केली, तरच आजाराचा वाटा वेगळा काढता येतो.

काळाचाही प्रश्न आहे. या प्रश्नावल्या साधारण गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात. डिसेंबरात फडावर असलेला आणि मे महिन्यात गावी रिकामा बसलेला, असा एकच माणूस दोन वेगळी उत्तरे देईल. त्यामुळे गुणांसोबत तो कोठे होता आणि काय करत होता, याची नोंद आवश्यक ठरते. औषधाचा परिणामही याच चौकटीत पाहावा लागतो. रात्रीच्या गोळीने सकाळी उशिरापर्यंत सुस्ती राहणे, ही शहरातल्या रुग्णासाठी गैरसोय असते. पहाटे अंधारात फडावर पोहोचायचे असलेल्या मजुरासाठी ती टोळीतून वगळले जाण्याची वेळ असते. हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांनी हातापायांना येणारा ताठरपणा कोयता चालवणाऱ्याला परवडत नाही. काही औषधांमुळे ऊनही सोसवत नाही. 'औषधाचा काही त्रास?' या मोघम प्रश्नाला 'नाही' असे उत्तर येते; 'पहाटे उठवते का, मोळी उचलता येते का?' असे विचारले की खरे उत्तर मिळते.

शब्दांचीही तीच गत. करमणुकीची संधी मिळते का, या छापील प्रश्नाने ग्रामीण रुग्णाच्या डोळ्यांपुढे टीव्ही वा जत्रा येते. पण 'करमणूक' ज्या क्रियापदापासून आली, ते 'करमणे' वेगळेच काही सांगते. करमणे म्हणजे जागेत, माणसांत आणि कामात मन लागणे. 'करमत नाही' या दोन शब्दांत निरुत्साह, एकटेपणा आणि परकेपणा एकत्र येतात. 'जिवाला स्वास्थ्य नाही' हाही असाच एक वाक्प्रचार. प्रश्नावलीचे चांगले भाषांतर म्हणजे शब्दाला शब्द ठेवणे नव्हे; मराठीत आणलेला मजकूर दुसऱ्याकडून पुन्हा मूळ भाषेत नेऊन पडताळणे आणि मग रुग्णांनाच 'यातून तुम्हाला काय समजले?' असे विचारणे, ही त्याची मान्य पद्धत आहे. शेवटची पायरी टाळली, तर भाषांतर शुद्ध राहते आणि मोजमाप चुकते.

साताऱ्याचा धडा

रुग्णांना काय हवे असते, याचा शोध महाराष्ट्रातही घेतला गेला आहे. सातारा, गोवा आणि तमिळनाडू अशा तीन ठिकाणी छिन्नमनस्कतेच्या २८२ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. रुग्णालयातील उपचारांच्या जोडीला गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरी जाऊन आधार दिला, तर वर्षभरात काय फरक पडतो, हे त्यात तपासले गेले. लक्षणे आणि अक्षमता या दोन्हींत फरक पडला, तो माफक होता आणि मुख्यतः तमिळनाडूतील ग्रामीण, अधिक वंचित केंद्रात ठळकपणे दिसला. जेथे एरवी काहीच पोहोचत नाही, तेथे घरपोच आधाराचा उपयोग अधिक होतो, असा त्याचा एक अर्थ लावता येतो. बीडसाठी तो दुर्लक्षणीय नाही.

याच संशोधकांपैकी काहींनी २०१२ मध्ये आणखी एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. 'बरे होणे म्हणजे तुमच्या मते काय?' याचे उत्तर त्यांनी रुग्णांकडून आणि त्यांना सांभाळणाऱ्यांकडून घेतले. लक्षणे आटोक्यात यावीत हे त्यात होतेच. पण त्याबरोबर काम वा शिक्षण मिळावे, चारचौघांत मिसळता यावे, आपल्या जबाबदाऱ्या पार पाडता याव्यात आणि औषधांचा त्रास कमी व्हावा, अशाही अपेक्षा होत्या. सामान्य माणसाची यादी याहून फारशी वेगळी नसते.

पाच मिनिटांचे काम

हे सारे बीडमध्ये आणायला मोठी यंत्रणा लागते असे नाही. पाच प्रश्नांच्या निर्देशिकेला जेमतेम पाच मिनिटे पुरतात आणि ती विचारायला मानसोपचारतज्ज्ञच लागतो असेही नाही. परिचारिका, समुपदेशक वा प्रशिक्षित आशा कार्यकर्ती ते करू शकते. हंगामाला निघण्यापूर्वी आणि परतल्यावर, असे वर्षातून दोनदा विचारले, गुण केसपेपरवर लिहिले आणि मागच्या गुणांशी ताडले, तरी बरेच कळेल. गुण घसरलेले दिसले की औषध बदलायचे, मात्रा कमी करायची, खिन्नतेवर उपचार करायचे, की कामाची सोय पाहायची, हा पुढचा निर्णय तज्ज्ञाचा. हंगामाच्या काळापुरती औषधे बरोबर देणे आणि फडाजवळच्या सरकारी रुग्णालयाच्या नावे चिठ्ठी देणे, ही त्याच्याच जोडीची कामे. मध्येच गरज पडली तर ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'टेलिमानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळू शकतो.

मे २०१८ पासून अमलात आलेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार मिळणे आणि समाजात राहणे हे रुग्णाचे हक्क मानले आणि आपल्या उपचाराबद्दलचे त्याचे मत विचारात घेणे बंधनकारक केले. रुग्णाला विचारणे ही आता केवळ सौजन्याची बाब उरलेली नाही. आवाज, झोप आणि गोळ्या या तीन प्रश्नांपुढे आणखी एक प्रश्न जोडायचा आहे. त्याचे उत्तर नेहमीच सुखद येईल असे नाही, आणि आले ते दर वेळी औषधाने सुटेल असेही नाही. पण 'करमत नाही' असे रुग्णाने सांगितले आणि ते कोणीतरी कागदावर लिहून घेतले, तर 'सुधारणा आहे' हा शेरा मारण्यापूर्वी लिहिणाऱ्याचा हात क्षणभर तरी थांबेल.